चुन्याची डबी

तामसी गावच्या मारुतीपुढच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. लिंबूमहाराजांचा कारभार रोखठोक होता. सिगारेटच्या नादी लागलेल्या पोराने मातीच्या घागरीतल्या तीर्थात नळीने फुंकायचं. पाणी पांढरंफटक पडे. "पाहा मायबापहो, छातीतला धूर!" महाराज गरजत. मग मंत्र पुटपुटून लिंबू पिळत आणि पाणी पुन्हा नितळ होई. "गेलं व्यसन! आता याचा बाप आला तरी याला सिगारेट पाजू शकत नाही!" बाया हात जोडत, बाप दक्षिणेसाठी खिशात हात घालत.

आज साक्षीला अकरावीतला चिराग होता. महिन्यापूर्वी त्याचं 'व्यसन गेलं', तेव्हा वडील नागेशरावांनी आदिलाबादच्या कचेरीत पेढे वाटले होते. महाराजांनी त्याला दुसऱ्या, तांब्याच्या घागरीतलं पाणी दिलं. त्याने फुंकलं. पाणी तसंच नितळ राहिलं. टाळ्या कडाडल्या. नागेशरावांची मान ताठ झाली.

चिरागला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळीच बस स्टँडमागे तो सिगारेट ओढून आला होता. रोज सोडायचं ठरवून रोज ओढत होता. देवाचा उपाय सगळ्यांना लागू पडला, आपणच तेवढे नासके, असं त्याला वाटे. आईच्या नजरेला नजर द्यायची त्याला लाज वाटे. आता रांगेत त्याचा मित्र भार्गव तशाच आशेने उभा होता.

"खोटं हाय हे," चिराग कसाबसा म्हणाला. "मी आज सकायीच पेलो. रोज पेतो."

नागेशरावांचा हात उगारला गेला. "काऊन इज्जत घालवून राह्यला रे माही?"

"लेकराची श्रद्धा कमी पडली," महाराज गोड हसले.

"श्रद्धा नाही, घागर बदलली," शाळेतल्या विज्ञानाच्या शुभांगी मॅडम पुढे आल्या. त्यांनी मातीच्या घागरीतलं पाणी घेऊन स्वतः फुंकलं. पांढरं झालं.

"मॅडमबी पेतात काय!" हशा पिकला. मग जन्मात सुपारीलाही न शिवलेल्या रुक्माबाईंनी फुंकलं. तेही पांढरं. हशा थांबला.

"चुन्याची डबी कोनाजवळ हाय?" मॅडमनी विचारलं.

पोरांना घेऊन आलेल्या सगळ्या बापांचे हात सवयीने खिशात गेले. पहिली डबी निघाली ती नागेशरावांची.

मॅडमनी चुना पाण्यात कालवला, खाली बसू दिला आणि वरची निवळी फुंकून पांढरी करून दाखवली. लिंबू पिळल्यावर ती नितळ झाली. "कोनाच्याबी श्वासानं होते हे. दुसऱ्या घागरीत साधं पाणी हाय. चिराग, आठवीत हा प्रयोग तूच सांगितला होता ना?"

चिरागने मान खाली घातली. तोवर महाराजांना बसची वेळ आठवली होती.

"शरीराले सवय लागली की ते मागते, पोरा," मॅडम त्याला म्हणाल्या. "तू नासका नाहीस. डॉक्टरकडं उपाय असते. पुन्हा पेलास तरी पुन्हा सोडायचं."

मॅडमनी डबी परत केली. भरल्या मांडवात ती घ्यायला नागेशरावांचा हात पुढे होईना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "पोराची सवय सोडवायची?"

"पोराची," नागेशराव खाली बघत म्हणाले, "आन् माही तंबाखूबी."

मायबापहो, पाणी पांढरं झालं तर हात जोडण्याआधी घरी चुना कालवून पाहा. आणि पोराला बाबाकडे ओढत नेण्याआधी आपला खिसा तपासा.