लोळणफुली

जळोचीच्या आबासाहेबांचा धाकटा मुलगा सोपान पुण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होता. छत्तीस सालच्या दिवाळीच्या सुट्टीत त्याला एकच काम लावून दिलं होतं. रानातली चाळीस झाडंझुडपं मुळासकट उपटायची, दाबून वाळवायची आणि एकेका कागदावर चिकटवून नाव लिहायचं. ही वही नसेल तर जीवशास्त्राच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं. सोपानने हे सगळं वहिनीला नीट समजावून सांगितलं आणि तो बाजेवर आडवा झाला.

वहिनी म्हणजे रतन, माहेर वरकुट्याचं. सहाव्या वर्षापासून तिच्या हातात खुरपं. खुरपणाऱ्या बाईला तणांची नावं कुणी शिकवावी लागत नाहीत. ज्याच्याशी रोज भांडायचं त्याचं नाव आपसूक पाठ होतं. भेंडीच्या वाफ्यात बसल्या बसल्या तिने दोन दिवसांत एकोणचाळीस जमवली. केना, घोळ, आघाडा, टाकळा, कुरडू, सगळी रद्दीत घालून पाट्याखाली दाबली. सोपान बाजेवरूनच नाव विचारी, वळणदार अक्षरात लिही आणि खाली दर कागदावर घोटून लिही : ‘गोळा करणारा, सोपान’.

दिरावर तिचा जीव होता, हेही खरं. दर सुट्टीत तो तिला चुलीपुढच्या राखेत अक्षरं गिरवायला शिकवी. तिला आता जोडाक्षरं येऊ लागली होती. पण आयत्या बिळावरच्या नागोबाला एकदा तरी डिवचावं, असं तिच्या मनाने घेतलं. तिने आघाड्याच्या देठाला टाकळ्याची पानं लावली, शेंड्याला गोकर्णीचं फूल बसवलं आणि बाभळीच्या डिंकाने सगळं बेमालूम जोडून चाळिसावा कागद पुरा केला. सोपानने नाव विचारलं. तिने बाजेकडे पाहिलं आणि म्हणाली, लोळणफुली. त्याने तेही लिहून टाकलं.

महिनाभराने एका रविवारी सोपान दारात उभा, आणि त्याच्यामागे टांग्यातून उतरलेले त्याचे प्रोफेसर. एवढी मोठी असामी बारामतीच्या गाडीतून कशाला आली, तर म्हणे लोळणफुली जिथे उगवते ती जागा पाहायला. आबासाहेबांची छाती फुगली. पोराने नवं झाड शोधलं, असं ते गड्याला दोनदा सांगून आले. रतन मात्र दाराआड सरकली. कॉलेजातून एक जरी तक्रार आली तर शिक्षण सोडवून मोट हाणायला लावीन, असं मामंजींनी पोराला बजावलेलं तिने कानांनी ऐकलं होतं. थट्टा आपली आणि नुकसान त्याचं. आणि मग रागावलेला दीर कशाला शिकवतोय, राखेतली अक्षरंही राखेतच राहणार.

चहा झाला. प्रोफेसरांनी वही उघडली आणि सोपानला विचारलं, लोळणफुली कुठल्या वाफ्यात होती. सोपान म्हणाला, विहिरीजवळ. मग म्हणाला, विहिरीच्या पलीकडे. पानं समोरासमोर की एकाआड एक, यावर त्याने आधी एक सांगितलं, मग दुसरं. आबासाहेबांच्या कपाळाला आठी पडली.

प्रोफेसरांनी शांतपणे त्याला तळहात दाखवायला सांगितले. हात लोण्यासारखे होते.

रतनने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाहुण्यासमोर, सासऱ्यासमोर, सरळ बाहेर आली.

"मामंजी, भावजींना ठावं न्हाय. त्ये झाड म्या चिकटवलंय. थट्टा केली."

आबासाहेब उठू लागले, तशी प्रोफेसरांनी त्यांना हातानेच थांबवलं. डिंक त्यांना पहिल्याच दिवशी दिसला होता, ते म्हणाले. ते आले होते बाकीच्या एकोणचाळिसांसाठी. वर्गातल्या साऱ्या वह्यांत मुळं तुटलेली होती. या एकाच वहीत मुळाचं टोकसुद्धा शाबूत होतं. ते काम खुरप्याच्या हाताचं, आणि तो हात कुणाचा एवढंच त्यांना बघायचं होतं.

मग त्यांनी नाव बोटाने झाकून एकेक कागद तिच्यासमोर धरला. रतन नाव तर सांगेच, पण कुठलं तण गाजरात माजतं, कुठल्याची भाजी होते, कुठलं उपटताना तुटलं तर पुन्हा दुपटीने फुटतं, तेही सांगत गेली. आबासाहेबांनी आठ वर्षांत सुनेचं इतकं बोलणं ऐकलं नव्हतं. ते हळूच खाली बसले.

"वहीला पैकीच्या पैकी गुण," प्रोफेसर म्हणाले, "पण ते सोपानचे नाहीत. सोपान, तुला पंधरा दिवस देतो. चाळीस नवी, स्वतःच्या हाताने."

सोपानची परीक्षा वाचली. आबासाहेबांनी तिथल्या तिथे त्याच्या हातात खुरपं दिलं आणि मोटेचं नाव काढलं नाही.

प्रोफेसरांनी वही आणि टाक रतनपुढे ठेवला. गोळा करणाऱ्याचं नाव खोटं राहिलं, ते दुरुस्त करा, म्हणाले. सही येत नसेल तर अंगठा चालेल.

रतनने टाक घेतला. सोपानचं नाव खोडून तिने दर कागदावर सावकाश, राखेत गिरवल्यासारखं, स्वतःचं नाव लिहिलं. एकोणचाळीस वेळा. चाळिसाव्या कागदाशी ती थांबली आणि वही मिटून परत दिली.

"ह्येच्यावर सोपानभावजींचंच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लोळणफुली त्यांचीच हाय."