एक पाऊलही नाही

मी खुर्ची बोलतेय. दचकू नका, जिच्यासाठी माणसं रातोरात पक्ष बदलतात ती मी नव्हे. माझ्यासाठी आजवर कोणी भांडलेलं नाही. दोन मोठी चाकं, दोन छोटी, पाय टेकायला दोन पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना एकेक ब्रेक, एवढाच माझा संसार. लोक मला व्हीलचेअर म्हणतात.

सध्या मी दुबईच्या अल कुसैसमधल्या एका कार्गोवाल्याच्या गोदामात, पुठ्ठ्याच्या खोक्यात घडी होऊन पडले आहे. माझ्या मांडीवर दूध पावडरचे चार डबे, साबणाच्या वड्या, खजूर आणि एक जाड ब्लँकेट. खोक्यात वीतभर जागा रिकामी गेली तर इथल्या आपल्या माणसांना चैन पडत नाही. बोट सुटायला अजून चार दिवस आहेत. तेवढ्यात माझी हकीकत सांगून टाकते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती सुदेशपासून. सुदेश कुडाळकडचा. इमारतीच्या साइटवर काम करताना तो परांचीवरून पडला आणि कमरेला जबर मार बसला. लेबर कॅम्पच्या खोलीत सात महिने तो माझ्यावर होता. रोज सकाळी उभं राहायचा सराव करायचा, पण त्याआधी माझे दोन्ही ब्रेक न चुकता लावायचा आणि हातावर थोपटून म्हणायचा, "थांब हां गो, खंय जाव नको." एका सकाळी तो दारापासून पाण्याच्या कूलरपर्यंत अकरा पावलं चालला. खोलीतले सहा दणकट पुरुष ढसाढसा रडले. मीही रडले असते, पण माझ्यात तशी सोय नाही.

पुढे सुदेश काठी टेकत गावी गेला आणि त्याच्या दोस्तांनी माझा फोटो काढून मला ऑनलाइन विकायला ठेवलं. दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक आलं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, नाव उमर. त्याने मला पुढे-मागे ढकलून पाहिलं, माझ्या फाटक्या रेक्झिनवरून बोट फिरवलं आणि खूश झाला.

"पेशंट कौन है, भाई?" दोस्ताने काळजीने विचारलं.

"पेशंट कोई नहीं," उमर म्हणाला. "जपान जा रहे हैं."

मला काही उलगडेना. ते उलगडलं त्याच्या घरी, अल कुसैसच्या चौथ्या मजल्यावर. उमर एका लॉजिस्टिक्स कंपनीत असिस्टंट मॅनेजर. बायको हुमेरा, दहा वर्षांची मुलगी यम्ना. अबू धाबीच्या महागड्या अल रीम आयलंडवर राहणारा त्याचा बॉस सहकुटुंब जपानच्या त्या जगप्रसिद्ध पार्कमध्ये जाऊन आला होता आणि तेव्हापासून ऑफिसात दुसरा विषय नव्हता. उमरने ठरवलं, आपणही जायचं. त्याने एक्सेलची शीट केली. किती वाजता कुठल्या राइडमध्ये बसायचं, कुठे फोटो, कुठे पाणी, सगळं मिनिटांत. शीटमध्ये अडचण एकच होती. प्रत्येक राइडपुढे दोन-दोन तासांची लाइन. त्यावर कोणीतरी त्याला तोड सांगितली होती: अम्मीला व्हीलचेअरवर बसव, लाइन खलास.

अम्मी म्हणजे मरियमबी. वय एकोणसत्तर, राहणार हर्णै, तालुका दापोली. रोज संध्याकाळी पायी बंदरावर जाऊन मासळीच्या लिलावात भाव करणारी आणि पिशवी स्वतः उचलून चढण चढून घरी येणारी बाई. व्हिजिट व्हिसावर लेकाकडे आली होती.

"मी का बसू त्याच्यावर? मना काय झालाय?" मला बघून तिने विचारलं.

"अम्मी, जस्ट वन डे. एअरपोर्टवर बसतेस ना तू?"

"एअरपोर्टावर मना वाचता येत नाय म्हणून बसते. चालता येत नाय म्हणून नाय."

"पार्कमध्ये व्हीलचेअर भाड्याने मिळत असेल ना?" हुमेराने हळूच विचारलं.

"भाड्याची बघून डाउट येतो. स्वतःची असली, त्यात थोडी जुनी असली, की केस जेन्युइन वाटते." उमरने माझ्या फाटक्या रेक्झिनवर प्रेमाने हात ठेवला. माझ्या फाटक्या कपड्यांचं एवढं कौतुक आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

 सगळे झोपायला गेल्यावर मरियमबीने आपल्या बटव्यातून एक जुना फोटो काढला आणि माझ्यावर बसून बराच वेळ बघत राहिली. तिचा नवरा खैरुद्दीन जहाजावर नोकरीला होता. तीस वर्षांपूर्वी जहाज योकोहामाला लागलं तेव्हा तो सोबत्यांबरोबर ह्याच पार्कमध्ये गेला आणि तिथल्या होडीच्या राइडमध्ये बसला. होडी उंचावरून खाली कोसळते त्याच क्षणी तिथला कॅमेरा फोटो घेतो. फोटोत खैरुद्दीन पहिल्या रांगेत होता. जन्मभर वादळं पाहिलेला तो माणूस डोळे घट्ट मिटून, तोंड उघडं टाकून ओरडत होता. मरियमबी त्याला जन्मभर चिडवत असे आणि तो म्हणे, "तू बसून बघ, मग बोल." तो जाऊन आता सहा वर्षं झाली. मरियमबी जपानला निघाली होती ती तेवढ्यासाठी. त्या होडीत एकदा बसायचं. उमरच्या शीटमध्ये होडी तिसऱ्या नंबरावर होती.

पार्कबद्दल काय सांगू? तिथल्या जमिनीवर खडा शोधून सापडत नाही. माझी चाकं अशी पळाली की मलाच माझं वय विसरायला झालं. माणसांचं मात्र नवल वाटलं. दुबईत शर्टाची घडी मोडली तर बेचैन होणारी मोठमोठी माणसं डोक्याला लोकरीचे कान लावून हिंडत होती. उमरनेही आत शिरताच कान घेतले. सगळ्यांची जॅकेटं, सगळ्यांच्या बाटल्या आणि सात पिशव्या माझ्यावर लटकल्या. ब्रेक लावायचं कोणाला सुचलं नाही.

मदत कक्षात एक हसरी मुलगी होती. तिने कमरेत वाकून नमस्कार केला आणि हातातल्या भाषांतराच्या यंत्रात काही बोलली. यंत्र शुद्ध हिंदीत म्हणालं, "क्या आदरणीय माताजी स्वयं चल सकती हैं?"

"नो, नो," उमर घाईने इंग्रजीत म्हणाला. "नॉट इव्हन वन स्टेप. टेन इयर्स."

मला सुदेशची अकरा पावलं आठवली आणि माझ्या चाकाच्या आऱ्या शहारल्या.

"इंग्रजीत काय सांगितलंस तिला?" मरियमबीने विचारलं.

"काय नाय अम्मी. थँक्यू म्हणालो."

"पापा, दॅट्स अ लाय," यम्ना म्हणाली.

"यम्ना, यल्ला, पुढे चल."

कार्ड मिळालं. त्या कार्डावर लाइनमध्ये उभं राहावं लागत नाही, दिलेल्या वेळी वेगळ्या दाराने आत जायचं. पहिल्या दोन राइड्स उडत्या आणि गरगर फिरणाऱ्या होत्या. त्या मरियमबीला नकोच होत्या. ती बाहेर माझ्यावर बसून पिशव्या सांभाळत राहिली. येणारी-जाणारी माणसं तिच्याकडे बघून हळहळत होती. एका आजीबाईंनी तर तिच्या हातात गोळ्यांची पुडी ठेवली. तिने ती मुकाट्याने घेतली, पण तिच्या पायांची चुळबूळ मला पट्ट्यांवर कळत होती.

मग होडी आली.

दारावर दुसरी मुलगी होती. तीही वाकली, कार्ड वाचलं आणि तिचा चेहरा पडला. यंत्र म्हणालं, "क्षमा करें. नाव बीच में रुक जाए तो सीढ़ियाँ उतरकर आना पड़ता है. जो एक कदम भी नहीं चल सकते, वे इसमें नहीं बैठ सकते."

उमरचे कान, म्हणजे डोक्यावरचे, थोडे वाकडे झाले. त्याने आता फक्त खरं बोलायचं होतं. अम्मीला चालता येतं, उत्तम येतं, एवढंच. पण खरं बोललं की कार्ड जाणार आणि शीटमध्ये अजून सहा राइड्स बाकी होत्या. त्याने खिशातून फोन काढून शीटकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहत होते. आईकडे बघायला त्याने शीटपेक्षा कमी वेळ घेतला.

मरियमबीने बटव्यातून फोटो काढून मुलीपुढे धरला. फोटोतल्या माणसावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आत जाऊन कोणाला तरी विचारून आली, पुन्हा वाकली, आधीपेक्षा खूप जास्त वाकली. नियम म्हणजे नियम.

"उमर, तिला सांग मी चालते."

"अम्मी, प्लीज. सगळा दिवस खराब होईल. मी आतून व्हिडिओ काढून आणतो ना तुझ्यासाठी. सेम टू सेम."

तो हुमेराला आणि यम्नाला घेऊन वेगळ्या दाराकडे वळला. यम्ना मागे वळून बघत होती. मला त्या क्षणी उमरचा इतका संताप आला की उतार असता तर मी त्याच्या घोट्यावरच गेले असते.

मरियमबीने फोटो बटव्यात ठेवला. मग तिने वाकून माझा डावा ब्रेक लावला, नंतर उजवा. सुदेशनंतर पहिल्यांदाच कोणी माझे ब्रेक लावत होतं. सातही पिशव्या तिने नीट जमिनीवर ठेवल्या, दोन्ही पाय पट्ट्यांवरून खाली घेतले आणि उभी राहिली. ओढणी सारखी केली आणि बंदराकडे निघावं तशी तरातरा चालत मोठ्या लाइनच्या शेपटाला जाऊन थांबली. तिथे पाटी होती, एकशे तीस मिनिटं.

दारावरच्या मुलीने दोन्ही हात तोंडावर नेले. मग ती टाळ्या वाजवू लागली. लाइनमधली माणसं आधी गोंधळली, मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या. दहा वर्षं एक पाऊल न टाकलेली आदरणीय माताजी नवऱ्याच्या आठवणीने उठून चालू लागली होती! गोळ्या देणाऱ्या आजीबाई तिथेच होत्या, त्या तर हुंदके देऊ लागल्या.

टाळ्या ऐकून उमर दारातून मागे फिरला. कोणी त्याला खोटारडा म्हणालं नाही. तसं म्हणाले असते तर बरं झालं असतं. ती मुलगी त्याचं मनापासून अभिनंदन करत होती, वाकत होती, आणि तोही कान सांभाळत उलट वाकत होता. शेवटी तिने दोन्ही हात पुढे करून कार्ड मागितलं. यंत्र म्हणालं, "अब इसकी आवश्यकता नहीं रही. हम बहुत प्रसन्न हैं."

चौघं लाइनमध्ये उभी राहिली. मला त्यांच्या नजरेसमोर, कडेला लावलं होतं.  यम्नाने विचारलं, "दादी, ग्रँडपा वॉज रिअली स्केअर्ड?" आणि मरियमबी सुरू झाली. जहाज, वादळ, योकोहामा, पत्र यायला लागणारे दोन-दोन महिने. एक मराठीत बोलत होती, दुसरी इंग्रजीत उत्तर देत होती, आणि दोघींचं अडत नव्हतं. उमर आधी फोन बघत होता. थोड्या वेळाने त्याने फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "हे तू मला कधीच नाय सांगितलंस, अम्मी."

"तुला वेळ कुठे होता?" मरियमबी म्हणाली. रागाने नव्हे, सहजच.

उमरचे नवे बूट चावत होते. नव्वदाव्या मिनिटाला तो माझ्याकडे ज्या आशेने बघू लागला तशा नजरेने माझ्याकडे सुदेशनेही कधी पाहिलं नव्हतं. पण बसणार कसा? दारावरची मुलगी दर पाच मिनिटांनी त्या कुटुंबाला हात हलवून शुभेच्छा देत होती.

होडी कोसळली तेव्हा मला बाहेर किंकाळी ऐकू आली. ती पुरुषाची होती.

बाहेर येऊन त्यांनी फोटो घेतला. पहिल्या रांगेत मरियमबी आणि उमर. मरियमबीचे डोळे टक्क उघडे, ती खळखळून हसतेय. शेजारी उमर डोळे घट्ट मिटून, तोंड उघडं टाकून ओरडतोय. जुना फोटो बाजूला धरला तर बाप कोण आणि लेक कोण, सांगणं कठीण. मरियमबी दोन्ही फोटोंकडे बघून हसता हसता रडायला लागली आणि उमरने डोक्यावरचे कान काढून ठेवले. उरलेल्या सहा राइड्सची आठवण त्याला कोणी करून दिली नाही.

स्टेशनाकडे परतताना त्याचा पाय इतका सोलवटला होता की शेवटी तोच माझ्यावर बसला. ढकलत होती मरियमबी. "लोक बघतायत, अम्मी," तो कुजबुजला. "बघू दे," ती म्हणाली. "सांगू, दहा वर्षं एक पाऊल नाय टाकलं."

तो फोटो आता अल कुसैसच्या फ्रीजवर आहे. मरियमबी परवा हर्णैला गेली, मुंबईच्या विमानतळावरही पायी चालत. जाण्याआधी तिने माझी सोय लावली. तिच्या शेजारी ठकुबाई राहतात, कोळीण. साखरेच्या दुखण्यात त्यांचा एक पाय गेला आणि दोन वर्षांत त्या घराच्या उंबऱ्याबाहेर आलेल्या नाहीत. ज्या लिलावात हयात गेली तो त्यांना एकदा बघायचा आहे. माझ्या खोक्यावर त्यांचंच नाव लिहिलं आहे.

मला बांधत असताना उमरला बॉसचा फोन आला होता. बॉस पुन्हा जपानला चालले होते, ह्या वेळी सासूला घेऊन, आणि उमरकडे खुर्ची आहे असं कोणाकडून तरी कळलं होतं. उमरने फ्रीजकडे पाहिलं. "सर, खुर्ची गावी चाललीय," तो म्हणाला. "तुम्ही लाइनमध्येच उभे राहा. सासूबाईंशी बोलून होईल."



आता निरोप घेते. एकच मागणं आहे. कोणाला माझ्यावर बसवाल तर आधी वाकून विचारा, कुठे जायचंय. सुदेशला कूलरपर्यंत जायचं होतं, मरियमबीला होडीपर्यंत, ठकुबाईंना बंदरापर्यंत जायचं आहे. ह्यांच्यापैकी कोणालाच फार लांब जायचं नव्हतं. हर्णैच्या वाळूत माझी चाकं रुततील याची मला धास्ती वाटते खरी. पण ढकलायला मरियमबी आहे, आणि तिला चालता येतं.