कायमचा पत्ता

साथरोग कार्यालयात नोंदी ठेवणाऱ्या कारकुनाला सगळे खडूस म्हणायचे आणि त्यालाही ते मनातून आवडायचं. सव्वीस वर्षांत त्याच्या रजिस्टरात एक खाडाखोड नव्हती. बाकीचं ऑफिस म्हणजे त्याच्या लेखी खुर्च्यांवर ठेवलेली पोती, आणि त्यातलं सगळ्यात मोठं पोतं पंख्याखाली बसायचं, त्याला साहेब म्हणायचं.

सोमवारी सकाळी रुग्णालयातून तापाच्या चिठ्ठ्या आल्या आणि खडूसच्या भुवया चढल्या. तीन दिवसांत नऊ जण. सगळ्यांना कडक ताप, सगळ्यांना दम, आणि प्रयोगशाळेला ओळखीचा एकही जंतू सापडलेला नाही. नऊही जण स्टेशनसमोरच्या एकाच हॉटेलात उतरलेले. तिथे लिफ्ट बनवणाऱ्यांचं संमेलन भरलं होतं. निरनिराळ्या देशांतले तीनशे पाहुणे खालच्या हॉलमध्ये दिवसभर एकमेकांच्या लिफ्टचं कौतुक करत आणि खोकत होते. शुक्रवारी सगळे विमानांनी आपापल्या घरी जाणार होते.

त्याच हॉटेलात स्वागताच्या टेबलाशी खडूसची एकुलती एक मुलगी कामाला होती.

आता कार्यालयाचा नियम ऐका. रुग्ण जिथे आजारी पडला तिथला धरायचा नाही, त्याच्या कायमच्या पत्त्यावर धरायचा. एका हद्दीत पाच रुग्ण झाले की लाल कागद निघायचा, आणि लाल कागद निघाला की साथ जिथून पसरतेय ती जागा त्याच दिवशी बंद. हे नऊ जण नऊ गावांचे. म्हणजे नऊ रकान्यांत एकेक, आणि ज्या शहरात ते नऊच्या नऊ आडवे झाले, त्या शहराच्या नावावर शून्य. हा नियम ज्या डोक्यातून निघाला, त्या डोक्याला खडूसने कोपरापासून हात जोडले आणि तो साहेबांकडे गेला.

"साहेब, हॉटेल बंद करायला हवं."

साहेबांनी खडूसने मांडलेला कच्चा हिशोब पाहिला. "आपल्याकडे तर शून्य आहे."

"नऊ जण आपल्याच रुग्णालयात पडलेत."

"अहो, पण ते आपले नाहीत ना! आणि शुक्रवारी तर सगळेच चाललेत."

"त्यांच्याबरोबर तापही जाईल."

"मग मी काय म्हणतोय? ब्याद जाईल!" साहेब प्रसन्न हसले आणि त्यांनी चहा मागवला.

संध्याकाळी त्याने मुलीला सगळं सांगितलं आणि रजा काढ म्हणाला. तिने पायातले बूट काढता काढता मान हलवली. "बाबा, संमेलनामुळे आधीच माणसं कमी पडतायत. रजा मागितली तर मॅनेजर घरीच बसवेल. तुम्हीच बंद करा ना हॉटेल. तुमच्याच ऑफिसचं काम आहे ते."

मंगळवारी तो रजिस्टर उघडून बसला. चिठ्ठ्यांवरून नोंदी चढवायच्या होत्या. नऊपैकी फक्त पाच जणांच्या कायमच्या पत्त्यात हॉटेलचा पत्ता लिहिला असता, की झालं. लाल कागद निघाला असता, दुपारपर्यंत दाराला कुलूप लागलं असतं आणि मुलगी घरी आली असती. साहेबांनी डोळे मिटून सही केली असती. वाचायची सवय त्यांना कधी नव्हतीच.

पण पाच ओळी खोट्या झाल्या असत्या. त्याच्या रजिस्टरात, त्याच्या अक्षरात! नियमाच्या आड लपणाऱ्यांना तो जन्मभर नाकं मुरडत आला होता. तरीही त्याने नऊच्या नऊ खरे पत्ते वळणदार अक्षरात लिहिले आणि टिपकागद दाबला. त्याला अगदी स्वच्छ वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण ती त्या दिवशी काही आली नाही.

शुक्रवारी पाहुणे गेले. मुलीने तीनशे किल्ल्या हातात घेतल्या, तीनशे वेळा हसून "पुन्हा या" म्हटलं. शनिवारी ती खोकायला लागली. रविवारी पायऱ्या उतरताना तिला दम लागला आणि संध्याकाळी रुग्णालयात तिच्या नाकाला नळी लावली. ती काचेपलीकडून काहीतरी विचारत होती. त्याला ऐकू येत नव्हतं, तरी तो मान हलवत राहिला.

सोमवारी तिची चिठ्ठी त्याच्याच टेबलावर आली. वय चोवीस. कायमचा पत्ता त्याच्या स्वतःच्या घराचा. त्याने नोंद केली. आपल्या हद्दीत, एक.

अकरा वाजल्यापासून साहेबांचा फोन थांबेना. कुठे सात, कुठे बारा, एका ठिकाणी तर लिफ्टवाल्याच्या मुलाची अख्खी शाळा. सगळ्यांचा एकच प्रश्न, तुमच्याकडे सुरुवात झाली होती का? साहेबांनी खडूसला रजिस्टर घेऊन बोलावलं, पान उघडायला लावलं आणि रकान्यावर बोट ठेवलं.

"छे हो, आमच्याकडे कसली साथ?" ते फोनवर म्हणाले. "काल एक केस आलीय फक्त, ती पण कुठून तरी लागण होऊन आली असेल. नाही नाही, आकड्याची काळजीच करू नका. आमचा कारकून फार काटेकोर आहे. सव्वीस वर्षांत त्याने एक नोंद चुकवलेली नाही."

साहेबांनी त्याच्याकडे बघून कौतुकाने मान डोलावली. खडूस रजिस्टर धरून उभा होता. साहेबांचं बोट त्याच्या मुलीच्या नावावर होतं.