खिडकीतून जानारं पानी

मले लकवा मारला तो उजव्या आंगाले अन् जिभेले. डोस्कं मात्र शाबूत ठेवलं देवानं, अन् तिथंच त्याचं चुकलं. आत समदं चालू हाय, शिव्यासकट. पन तोंडातून निंगते फक्त "बा… बा". हे बा-बा समजते दोघांले. एक माही बायको वच्छला, अन् दुसरा शेजारचा शफी. बाकीचे लोक मान डोलावतात, चहा पितात अन् जातात.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमची गल्ली हाय. माहा पलंग समोरच्या खोलीत, खिडकीले लागून. त्याच खिडकीतून आमच्या बोरचा पाइप गल्लीत जाते. नळाले पानी कधी येईन हे आमच्या इकडे कोनी छातीठोक सांगत नाई, अन् माह्या बोरले पानी हाय. म्हनून सकाई वच्छला मोटर लावते, पाइप बाहेर सोडते, ज्याले लागते तो ड्रम भरून नेते. मी बाजारात भाजीचं दुकान लावत होतो तवापासून हे असंच चाललं होतं.

आता याले कोनी फुकट म्हनलं का माहं टाळकं सरकते. फुकट काहून बे? एकडाव मोटर बोरमंदी अडकली त गल्लीतल्या मानसांनी दिवसभर दोर ओढला, हाताची सालं निंगाली लोकांच्या. मी ओढला जास्त अन् तू कमी, असं कोनी बोललं नाई. समोरच्या इंदूबाईनं ठेचा वाटला का वाटी आमच्याकडे येनारच. शफीची बायको बिल्कीस दुपारी येऊन बसते अन् बोलता बोलता वच्छलाच्या गुडघ्याले तेल चोळून देते. याचा हिशोब मांडाले बसलं त मानसाचं डोस्कं फिरन राजेहो, अन् मांडाचा कायले?

अन् शफी. गाद्या-रजाया भराचं दुकान त्याचं. जनमभर कापूस पिंजला, म्हनून दंड असे का बैल उचलन. दुकान उघडाच्या आधी तो माह्याकडे ये. काखेत हात घाले अन् म्हने, "चला केशवभाऊ, उठा. नवरदेव लेट झाला त वरात निंगून जाईन." मले उचलून मोरीत ने, आंघोळ घाले, पुसे, अन् उन्हात खुर्चीवर बसवे. मी जड मानूस, वच्छलाची कंबर आधीच गेलेली. डाक्टरनं साफ सांगतलं होतं, याले रोज उचला, नाई त पाठ सडन. म्हंजे माही पाठ शफीच्या हाती होती, अन् मले त्याची फिकीर नव्हती.

फिकीर होती माह्या पोट्ट्याले, चंदनले. तो अमरावतीले, राजापेठेत ट्यूशन क्लास चालवते. रविवारी येते. पोट्टं वाईट नाई. वाईट असतं त बरं झालं असतं, मनातल्या मनात शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

त्या रविवारी खिडकीसमोर ड्रमची लाइन पाहून तो आईले म्हनाला, "आई, किती दिवस चालणार हे? मोटर आपली, लाइटचं बिल आपलं. आणि बाबांना उचलायला मात्र दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. उद्या शफीचाचा आजारी पडले तर? उपकारावर माणूस जगतो का गं?"

घाबरलं होतं लेकरू. त्याचं म्हननं असं का ड्रममागं दहा रुपये घ्याचे, अन् त्या पैशातून बाबाले उचलाले पगारी मानूस ठेवाचा. कोनापुढं हात पसराचं काम नाई.

मी बोंबललो, "बा! बा!"

त्यानं माह्या केसावरून हात फिरवला. "हो बाबा, तुमच्यासाठीच करतोय सगळं."

घ्या! आता काय करता?

पुढच्या रविवारी त्यानं खिडकीच्या गजाले पैसे पाठवाचा कोड लटकवला अन् एक बोलनारी डब्बी बांधली, बरोबर माह्या डोस्क्यावर. कोनी मोबाइलवरून पैसे टाकले का आतून एक बाई बोलते, "दहा रुपये मिळाले." काय साफ बोलते ती! एक अक्षर तुटत नाई. डब्बीले वाचा हाय अन् मले नाई.

मले वाटलं, लोक भांडतीन. भांडाले पायजे होतं. पन इंदूबाई म्हनाली, "बरं केलं चंदन. रोज रोज नेऊन जीवाले बोजाच वाटे बापा." ड्रम भरला, पैसे टाकले अन् गेली. आधी पानी भरता भरता लोक खिडकीतून डोकावत, "काय केशवराव, झोप लागली का?" आता मान खाली, डोये मोबाइलात. दहा रुपये मिळाले, अन् मानूस पुढं.

हेही मी गिळलं असतं. पन डब्बी लागली त्याच दिवशी शफी मले पलंगावरून उचलून राहिला होता, अन् चंदन त्याच्याजवळ येऊन गोड आवाजात म्हनाला, "शफीचाचा, तुमच्याकडून एक पैसा घ्यायचा नाही. तुम्ही बाबांना उचलता ना, ते त्यात वळतं करून टाकू. आणि उद्यापासून श्याम नावाचा माणूस येईल, तुम्हाला त्रास नको."

शफीचे हात माह्या पाठीखाली होते. ते जागच्या जागी थांबले. मले वाटलं, आता बोलन. अरे, हे उचलनं म्हंजे पान्याची मजुरी हाय का रे, असं काही तरी बोलन. माह्या त जिभेवर वाक्य तयारच होतं. पन तो एवढंच म्हनाला, "ठीक हाय बेटा." मले खुर्चीत बसवलं, टॉवेल खांद्यावर नीट टाकला अन् गेला.

दुसऱ्या सकाई बिल्कीसनं ड्रम भरला अन् डब्बी बोलली, "दहा रुपये मिळाले."

वच्छला धावत बाहेर गेली. "अवो बिल्कीस, हे काय केलं? तुमच्याकडून घ्याचे नाई ना!"

"राहू द्या वहिनी," बिल्कीस म्हनाली. "सगळ्याइले जे, ते आमाले." आवाजात राग असता त मी जीव मुठीत धरून बसलो नसतो. राग नव्हता. तेल चोळाले ती दुपारी आली नाई, अन् वच्छलानंही बोलावलं नाई. कोन्या तोंडानं बोलावन?

श्याम आला. काम बरं होतं त्याचं, खोटं काहून बोलू? हातमोजे घालून उचले, पन गर्दनीत मोबाइल दाबून, माह्या आंगावरून कोनाशी तरी बोलत राहे. मंग त्याले बडनेऱ्याले जास्त पगाराचं काम लागलं. तिकडे गेला तो गेला. चंदन फोनवर म्हने, "आई, दुसरा बघतोय. थोडं थांब." आईनं थांबावं कसं? माही पाठ थांबून राहिली होती का?

वच्छलानं सोताच उचलाले पायलं. दोघंही पडलो. मी पलंग अन् भिंतीच्या मधात, ओला, अन् ती बाजूले कंबर धरून. बाहेर पानी चालूच होतं, डब्बी बोलतच होती. वच्छला रडली नाई. पलंगाचा पाय धरून उठली, पदर तोंडावरून फिरवला अन् शफीच्या दारी गेली.

शफी अनवानी धावत आला. मले उचललं, मोरीत नेलं, धुतलं. पाठ पायली अन् म्हनाला, "या अल्ला! भाऊ, हे काय करून घेतलं?" पाठीवर जखम झाली होती. त्यानं ती हलक्या हातानं टिपली, मलम लावलं. मी लेकरासारखा रडलो. मले वाटलं, झालं, सुटलो. मानूस आला परत.

तेवढ्यात वच्छला आतून आली. मुठीत नोट होती. खाली मान घालून ती म्हनाली, "शफीभाऊ, हे ठेवा. रोजचे देत जाईन. पन उद्या या."

शफीनं नोटेकडे पायलं. मंग खिडकीतल्या डब्बीकडे पायलं. मले वाटलं, आता चिडन, नोट भिरकावन, पागल झाल्या का वहिनी म्हनन. मी देवाले हात जोडले असते, पन हातही एकच हाय. जेवढा जीव होता तेवढा लावून मी ओरडलो, "बा! बा!" घेऊ नको रे शफी. पाया पडतो तुह्या, घेऊ नको.

त्याले समजलं. त्यानं हात मागं घेतला. "भाऊ नको म्हनून राहिले," तो म्हनाला.

वच्छलालेही समजलं होतं. एवढा संसार झाला आमचा, तिले समजलं नाई असं होतच नाई. पन तिनं माह्याकडे पायलंच नाई.

"नाई," ती म्हनाली. "हे 'घ्या' म्हनून राहिले."

तिनं नोट आनखी पुढं केली. मंग त्यानं नोट घेतली अन् खिशात टाकली.

"किती वाजता येत जाऊ वहिनी?" त्यानं इचारलं.

"तुमाले जमन तवा," वच्छला म्हनाली, अन् लगेच घाबरून, "आठले या. आठले नक्की या."

तो येते. एका दिवसाचा नागा नाई करत. जखम भरत आली, डाक्टर खूश हाय, चंदन त लयच खूश. शफी मले पहिल्यासारखंच उचलते, कुठं दुखू देत नाई. पहिले त्याच्यापुढं उघडं बसाले मले काही वाटे नाई. आता तो मोरीत पानी टाकाले लागला का मी डाव्या हातानं टॉवेल ओढतो, जेवढा आंगावर येते तेवढा.