सरळच राहिलेला कप

साहेबांनी उभ्या आयुष्यात चार सरकारी खाती चालवली आणि चारही ठिकाणी त्यांच्या बैठका चहा निवायच्या आत संपल्या. "कोणाची हरकत? नाही ना? मंजूर!" एका दमात. मौन म्हणजे संमती, हे त्यांचं लाडकं तत्त्व. घरातही तेच. "बदली झालीय, हरकत नाही ना?" असं बायकोला विचारेपर्यंत ट्रंका दारात आलेल्या असत. बायको अबोल. आपण नशीब काढलं, असं साहेब चारचौघांत सांगत.

ती गेली आणि घर खायला उठलं. तेवढ्यात वस्तीच्या संस्थेचं बोलावणं आलं. तिथल्या विश्वस्त मंडळावर ती बरीच वर्षं होती. "ताईंच्या जागी तुम्हीच या," अध्यक्ष नर्सबाई म्हणाल्या. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून गेले, तिच्याच खुर्चीत बसले. समोर कानाचा टवका उडालेला तिचाच कप आला.

संस्थेची रीत मोठी गमतीची होती. ठराव मांडून झाला की सगळ्यांनी चहा प्यायचा. ज्याला पटलं, त्याने कप बशीत पालथा घालायचा. एक कप जरी सरळ राहिला, तरी त्या माणसाचं सगळं ऐकल्याशिवाय पुढचा विषय नाही. असला पोरखेळ साहेबांनी कधी पाहिला नव्हता.

त्यांनी पहिल्याच दिवशी ठराव मांडला. मागच्या खोलीत दुपारी बायका नुसत्या बोलत बसतात. ती रिकामी करून तिथे कार्यालय थाटावं. मंडळी नव्या माणसाला काय बोलणार? शेजारी बसलेल्या विश्वस्त शिंपीदादांनी कप पालथा घातला, नर्सबाईंनीही घातला. साहेबांनी तर सगळ्यांच्या आधीच घातला होता.

"मंजूर!" म्हणत त्यांनी खाली पाहिलं. कप सरळ उभा होता.

विसरलो असेन, म्हणून त्यांनी तो पुन्हा पालथा केला. चष्मा पुसून पाहतात तर पुन्हा सरळ.

"घाई नका करू," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "ताईंचा कप कायम शेवटीच पालथा व्हायचा. ती खोली त्यांनीच भांडून मिळवली."

"भांडून? आमची ही?"

"अहो, एकदा तोंड उघडलं की दिवेलागण व्हायची! शिंपीदादा डुलक्या काढायचे."

"काढायचो," शिंपीदादा म्हणाले. "पण जागा झालो की पटलेलं असायचं."

साहेबांना भडभडून आलं. एवढं बोलणारी बाई आपल्या घरात राहत होती आणि आपण तिला ओळखतही नव्हतो.

"खोली बायकांचीच राहील," ते म्हणाले. "ठराव मागे घेतला." आणि त्यांनी कप बशीत पालथा घालून वर तळहात दाबून धरला. आता तरी तिचं समाधान होईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

हात उचलला. कप सरळ होता.

म्हणजे हरकत खोलीची नव्हतीच.

खुर्च्या सरकल्या, मंडळी गुपचूप बाहेर पडली. नर्सबाईंनी जाताना दार ओढून घेतलं. साहेब कपाच्या जवळ वाकले.

"बोल," ते म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा विचारून गप्प बसले.