ओ न देणारे वीस हजार

वीस हजार! अहो, एका आठवड्यात वीस हजार सदस्य! लातूरच्या क्लासवाल्या गल्लीतल्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पालक, पोरं, शेजारचे क्लासवाले, मेसवाले, सगळे माना वर करून पडद्याकडे बघत होते. पडद्यावर गुरुबसप्पा सरांच्या क्लासचा 'शंकाकट्टा' होता. पोरांनी ऑनलाइन शंका विचारायच्या आणि पोरांनीच उत्तरं द्यायची, असा हा कट्टा. मागच्या आठवड्यापर्यंत तिथं दिवसाला पंधरा-वीस नोंदी पडायच्या. आता एक वाचून होईपर्यंत दहा नव्या येऊन आदळत होत्या.

"खूप प्रेरणादायी सर!" "अप्रतिम मार्गदर्शन!" "असंच मार्गदर्शन करत राहा!"

आणि हा चमत्कार करणारे महापुरुष व्यासपीठावर डोळे मिटून बसले होते. नाव जालनाथ. अंगात भगवी बंडी, गळ्यात रुद्राक्ष, मनगटावर स्मार्ट वॉच. मधूनच एक डोळा किलकिला करून ते घड्याळात काय बघत होते, ते त्यांनाच ठाऊक.

"फोरम म्हणजे यंत्र नव्हे, चेतना आहे!" जालनाथ गरजले. "मी काही करत नाही. मी फक्त सुप्त अल्गोरिदम जागृत करतो!"

"काय म्हनले?" एका पालकानं शेजाऱ्याला विचारलं.

"काय की. पण लई मोठं म्हनले," शेजारी म्हणाला आणि त्यानं हात जोडले.

जालनाथांनी लॅपटॉपवर हात धरला, ओठ पुटपुटले, आणि आकडा टपकन पाचशेनं वाढला. टाळ्यांचा नुसता कडकडाट! कोपऱ्यात बसलेल्या चेल्याची बोटं दुसऱ्या लॅपटॉपवर तेवढ्यात का धावली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

एका बाईला सुचलं होतं. मागं पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ पंचशीला उभी होती. ती क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. कट्टा तिनंच उभा केला होता, दोन वर्षं राबून. नियम एकच. तुझी शंका फिटली की आधी दुसऱ्याची फेड, मगच पुढची विचार. पोरं सुरुवातीला कुरकुरली, मग त्यांना गोडी लागली. वाढ मुंगीच्या पावलानं, पण प्रत्येक नावामागं एक जितंजागतं पोर होतं.

गुरुबसप्पा सर मनाचे वाईट नव्हते. पण समोरच्या क्लासच्या बोर्डावर मोठा आकडा दिसला की त्यांना झोप यायची नाही.

"बाई, तुम्ही दोन वर्षांत चारशे जमवले," ते सकाळीच म्हणाले होते. "ह्यांनी आठवड्यात वीस हजार आणले. आता बोला."

"सर, आणले खरं. पण ते काय बोलायलेत, ते वाचलं का तुम्ही?"

"कौतुकच करायलेत की!"

तेच तर दुखणं होतं. अर्धापूरची नाझनीन घरी राहून परीक्षेची तयारी करत होती. आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं यंदा लातूरला येणं जमलं नव्हतं. कट्टा हाच तिचा क्लास. रविवारी तिची परीक्षा, आणि तिनं विचारलं होतं, बहिर्गोल भिंग पाण्यात बुडवलं तर नाभीय अंतर वाढतं की कमी होतं? खाली तीनशे प्रतिसाद. सगळे "वा! खूप छान माहिती!" उत्तर एकही नाही. पंचशीलानं स्वतः लिहिलेलं उत्तरसुद्धा त्या कौतुकाच्या लोंढ्यात कुठं वाहून गेलं, तिलाच सापडेना. शेवटी पोरीनं लिहिलं होतं, "इथं कुणी हाय का?" त्यावरही कुणीतरी म्हणालं होतं, "अप्रतिम!" पंचशीलाला त्या 'अप्रतिम'च्या थोबाडीत मारावीशी वाटली होती. पण थोबाड असेल तर मारणार ना.

आणि आज जालनाथांनी आणखी एक विधी काढला होता. "जे सदस्य दिवसाला दहा नोंदी टाकत नाहीत, ते निद्रिस्त! निद्रिस्त सदस्य म्हणजे फोरमचा पितृदोष! त्यांना मुक्ती द्यावी लागेल." म्हणजे जुनी चारशे नावं उडवायची, नाझनीनचं धरून. कट्ट्याच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, जालनाथांच्या हाती द्यायच्या. गुरुबसप्पा सर उठलेसुद्धा, चिठ्ठी हातात घेऊन.

तेवढ्यात जमिनीच्या पोटात धडाम् झालं.

खिडक्यांची तावदानं थरथरली. लातूरकरांना तो आवाज सांगावा लागत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर अधूनमधून जमीन अशी बोलते आणि माणसं आधी बाहेर पडतात, मग विचार करतात. क्षणात हॉल रिकामा. सगळ्यांत पुढं कोण होतं? जालनाथ! एक चप्पल व्यासपीठावर, एक दारात. चेतना जागृत करणारे महाराज पोरांच्या खांद्यावरून उडी मारून मैदानात पोचले होते.

मैदानात आल्याबरोबर पोरांनी फोन काढले आणि कट्ट्यावर लिहायला लागली. गावोगावी घरी असलेली पोरंही लिहायला लागली. "ओ. औसा." "ओ. निलंगा." "ओ. मुरूड, घरचे सगळे बाहेर."

हा कट्ट्याचा रिवाज होता. भूकंपाच्या त्या पहाटे पंचशीला सहा वर्षांची होती. तिचे वडील साहेबराव ढिगाऱ्यावर उभे राहून एकेकाचं नाव घेत होते. ज्यानं खालून ओ दिला, त्याला उकरून काढलं. तिनं दिला होता. तिच्या धाकट्या भावानं दिला नव्हता. कट्टा सुरू झाल्यावर पहिल्यांदा असा आवाज झाला, तेव्हा तिनं एवढंच लिहिलं होतं, "पोरांनो, ओ द्या." तेव्हापासून आवाज झाला की पोरं ओ देतात, आणि ज्याचा ओ आला नाही, त्याला कुणीतरी फोन लावतं.

आज ओ येत होते. पण दोन ओंच्या मध्ये शेकड्यानं दुसरंच काही पडत होतं. "खूप प्रेरणादायी सर!" "वा! छान माहिती!"

"सर," पंचशीलानं फोन गुरुबसप्पा सरांच्या नाकासमोर धरला, "हे वीस हजार लातूरचेच ना?"

"हाव. नावाखाली लातूरच लिहिलंय."

"मग ह्यांच्या पायाखाली जमीन न्हाई का?"

गुरुबसप्पा सर डोळे बारीक करून नोंदी वाचायला लागले. जालनाथ मात्र तेवढ्यात सावरले होते. "भूमातेनं कौल दिला! ही कट्ट्याची ऊर्जा आहे!"

"ऊर्जा होती तर पळालात कशाला?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"सर, तुमचा फोन द्या," पंचशीला म्हणाली. सरांच्याच नावानं तिनं लिहिलं, "कळवण्यास अत्यंत दुःख होते की गुरुबसप्पा सर आत्ताच वारले."

पुढच्याच क्षणी उत्तरं बरसली. "अभिनंदन सर!" "खूप छान निर्णय!" "सर, पुढचा भाग कधी?"

"माझ्या मयताचा पुढचा भाग?" गुरुबसप्पा सरांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी चेल्याची कॉलर धरली. "बोल रे! कोण हायत हे?"

चेल्यानं एका दमात सगळं ओकलं. दूर एका शहरात भाड्याची खोली. फळ्यांवर रांगेनं मांडलेले फोन. एकेका फोनवर खोट्या नावांची ढीगभर खाती, आणि आधीच भरून ठेवलेली पन्नासेक वाक्यं, आळीपाळीनं आपोआप पडणारी. महाराज हात उचलायचे, चेला बटण दाबायचा. ठरलेली मुदत संपली की सगळे भक्त अंतर्धान.

जालनाथ केव्हाच अंतर्धान पावले होते. दोन्ही चपला मागंच टाकून.

"म्हणजे सदस्य वाढवायला पैसे घालणंच चूक?" सरांनी खालच्या आवाजात विचारलं.

"न्हाई सर. जाहिरात द्या की, खुशाल द्या. जाहिरात माणसाला दारापर्यंत आणते. आत येऊन तो बसला, बोलला, दुसऱ्याच्या अडचणीला धावला, तर कट्टा. ते विकत मिळत न्हाई. त्याला वेळ लागतो."

गुरुबसप्पा सरांनी पासवर्डाची चिठ्ठी टराटरा फाडली. "ही भुतावळ काढा, बाई. चारशेच्या चारशे राहू द्या."

लोंढा थांबला, तेव्हा तळाशी एक नोंद दिसली. "ओ. अर्धापूर. इथं आवाज आला न्हाई, पण मॅडम, तुम्ही बऱ्या हाव ना?"

पंचशीलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती लिहायला लागणार, एवढ्यात मैदानातल्याच एका पोरानं उभ्याउभ्या लिहिलंसुद्धा, "नाझनीन, मॅडम बऱ्या हायत. आणि तुझ्या भिंगाचं नाभीय अंतर वाढतं. काच आणि हवेपेक्षा काच आणि पाण्यात फरक कमी, म्हणून किरण कमी वाकतात. आता तू माझी एक शंका फेड."

बाबांनो, उद्या तुमच्याही गावात कुणी जालनाथ येईल. भलामोठा आकडा दाखवेल, डोळे मिटेल, तोंडाला येईल ते पुटपुटेल. हात जोडू नका. त्या आकड्याला एक साधी हाक मारा आणि थोडं थांबा. माणूस असेल, तर ओ देईल.