ज्येष्ठातले संत्रे

अंकुरने लिहिलेले आणि स्वतःच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केलेले बारा मिनिटांचे श्रुतिनाट्य दामिनीने, त्याच्या चुलतबहिणीने, मोर्शीच्या बागेत संत्री निवडत बसलेल्या बायकांना मोबाइलवर ऐकवले. त्यात एक मुलगा कालयंत्रातून तीस वर्षे मागे, ज्येष्ठ महिन्यात जातो. तिथे त्याचे तरुण वडील, त्याला न ओळखताही, झाडावरचे पिकले संत्रे तोडून, सोलून त्याच्या हाती देतात. कोणी हसले तर नाटक कायमचे पुसून टाकायचे, असे ठरवून अंकुर पाठमोरा बसला होता.

नाटक संपले. त्या बायकांतल्या माणिकबाई खळखळून हसल्या.

"काहून रे अंकुर, जेठात कुठं पिकलं संत्रं भेटते? तवा तं मृगाचा बहारही फुटत नाही, त्याचं फळ पिकते माघात!"

"काकू, तीस वर्सं मांगं गेलेलं चालते तुमाले," दामिनी उसळली, "अन् एक संत्रं नाही चालत?"

"वर्सं त्याचे असतीन, पोरी. बहार आमचा हाय!"

साऱ्याजणी हसल्या. अंकुरचे बोट स्वतःच्या मोबाइलवर नाटक पुसण्याच्या खुणेपाशी गेले. तेवढ्यात माणिकबाईंनी हातातले संत्रे खाली ठेवले.

"त्या पोराले माघात ने, बापू. पन बाप सोलून देते, थे नको बदलू. दामिनी, लाव वं अजून एकडाव."

नाटक पुन्हा सुरू झाले. या वेळी बायकांचे हात फळांवर थांबले होते. अंकुरने त्यांच्याकडे तोंड फिरवले आणि शेवटपर्यंत ऐकले.

संध्याकाळी त्याने एकच शब्द नव्याने ध्वनिमुद्रित केला : माघ.